झाडावरची छाटणी: दोर, करवत आणि वाचकांचे प्रश्न

दोराने झाडावर चढून छाटणी करणाऱ्यांचे आणि हे काम शिकू पाहणाऱ्यांचे प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांतले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या साधनाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेतलाच खरा धरा.

प्रश्न: मी कड्यांवर प्रस्तरारोहण करतो. दोर, हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर सगळं माझ्याकडे आहे. तेच वापरून झाडावर छाटणीचं काम करता येईल का?

उत्तर: हेल्मेट कदाचित चालेल. बाकीचं कड्यासाठीच राहू द्या.

प्रस्तरारोहणाचा दोर पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी असतो, म्हणून तो ताणला जातो. झाडावर आपण पडायचं नसतं, दोरावर बसून काम करायचं असतं. ताणणाऱ्या दोरावर बसून फांदीच्या टोकाकडे झुकलात की वरखाली हेलकावत राहाल, आणि तेव्हा हातात करवत असेल. म्हणून इथे कमी ताणला जाणारा दोर लागतो: ईएन १८९१ या युरोपीय मानकाचा, प्रकार ए, साधारण ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा. पण हा दोर झेल घेत नाही. ढील सोडून दोन मीटर पडलात तर दोर तुटणार नाही, तो धक्का तुमचा मणका घेईल. त्यामुळे अँकर, म्हणजे दोर झाडाला जिथे अडकवला आहे ती जागा, कायम डोक्याच्या वर हवा आणि ढील अर्ध्या मीटरपेक्षा जास्त होता कामा नये. 'वरच्या फांदीवर पोचलो की दोर वर घेतो' असं म्हणत अँकरच्या वर चढून जाणं ही कड्यावरून येणाऱ्यांची सवय. ती पहिल्या दिवशीच मोडायला हवी.

हार्नेस, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा साज, तेही वेगळं असतं. बसून काम करण्यासाठी ईएन ८१३ आणि कमरेच्या आधारासाठी ईएन ३५८, अशी दोन्ही मानकं त्यावर छापलेली असावीत. पुढे दोरीचा एक ब्रिज असतो, त्यावर कडी डावी-उजवीकडे सरकते, म्हणून शरीर तिरकं झालं तरी ओढ सरळ राहते. कमरेच्या दोन्ही बाजूंना लॅनयार्डसाठी, म्हणजे खोडाभोवती घ्यायच्या आखूड दोरासाठी, डी-कड्या असतात. प्रस्तरारोहणाच्या हार्नेसमध्ये तासभर लटकलात तर पायांना मुंग्या येतील, आणि कडेला आधार घ्यायला जागाच नसेल.

कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या उघडझाप कड्या, स्क्रू-गेटचे (तोंड स्क्रूने बंद होणारे) नकोत. डहाळ्या घासत राहतात, दोर हलत राहतो आणि स्क्रू आपोआप उलगडतो. स्वतःहून बंद होणारे आणि उघडायला तीन हालचाली लागणारे कॅराबिनरच वापरा. ईएन ३६२ नुसार लांबीच्या दिशेने ते किमान २० किलोन्यूटन पेलतात. आडवे झाले तर ही ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून कॅराबिनर जागेवर धरून ठेवणारी रबरी पट्टी किंवा दोराच्या टोकाला घट्ट विणलेला डोळा (फासा) वापरतात.

हेल्मेटचं म्हणाल तर फरक हनुवटीच्या पट्ट्यात आहे. कारखान्यातल्या ईएन ३९७ हेल्मेटचा पट्टा १५० ते २५० न्यूटन ओढीला सुटावा असा असतो, नाहीतर डोकं कुठे अडकलं तर गळफास बसेल. गिर्यारोहणाच्या ईएन १२४९२ हेल्मेटचा पट्टा ५०० न्यूटनपर्यंत टिकायला हवा, कारण झोका जाऊन खोडावर आपटताना हेल्मेट डोक्यावर राहणं जास्त गरजेचं. चढणाऱ्याला दुसऱ्या प्रकारचा पट्टा हवा. जमिनीवरच्या माणसाला कानपट्ट्या आणि जाळीचा पडदा असलेलं कारखान्याचं हेल्मेट पुरतं.

प्रश्न: प्रुसिक गाठ कधी इतकी आवळते की सुटत नाही, कधी हातभर सरकून मग पकडते. काय चुकतंय?

उत्तर: प्रुसिक म्हणजे मुख्य दोराभोवती बारीक दोरीचे वेढे घेऊन घातलेली गाठ: वजन आलं की पकडते, ढकलली की सरकते. बहुतेक वेळा चूक गाठीत नसते. दोरीची जाडी, लांबी आणि वेढे यांचा मेळ बसलेला नसतो.

गाठीची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक हवी. ११.५ ते १३ मिलिमीटरच्या दोरावर ८ ते १० मिलिमीटरची दोरी, दोन्ही टोकांना शिवलेले डोळे, एकूण लांबी ७० ते ८५ सेंटिमीटर, इथून सुरुवात करा. दोरी गरजेपेक्षा लांब असेल तर वजन टाकल्यावर गाठ आधी खाली बसते, मग पकडते. तेच तुमचं 'हातभर सरकणं'. आखूड असेल तर पकड कायम घट्ट राहते आणि उतरताना अंगठ्याने ढकलूनही गाठ हलत नाही. एका वेळी एकच वेढा कमी-जास्त करा आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर पूर्ण वजन टाकून पाहा. पाऊस पडून गेला, नवा दोर घेतला, सोबतीचा दोर उसना घेतला, की ही चाचणी पुन्हा.

मूळ प्रुसिक झाडावर आता फारसं कुणी वापरत नाही, कारण ती दोन्ही दिशांना पकडते आणि चटकन आवळते. डिस्टेल गाठीत वर चार आणि खाली एक वेढा येतो. ती पटकन पकडते आणि शिकायला सोपी आहे. व्हॅल्डोटेन ट्रेसमध्ये वर वेढे आणि खाली वेणीसारखी गुंफण असते. ती मऊ सुटते, पण वेढ्यांच्या संख्येबाबत फार नाजूक. नवशिक्याने डिस्टेलवर हात बसवावा. ब्लेक गाठ दोराच्याच शेपटाने घालता येते, वेगळी दोरी लागत नाही, म्हणून लोकप्रिय आहे. पण तिच्यात सगळी उष्णता एकाच जागी साठते आणि तो भाग काचेसारखा चकचकीत, कडक होतो. ब्लेक वापरत असाल तर शेपटाला आठाची अडवण गाठ घालायलाच हवी. ती नसेल तर शेपूट हळूहळू आत सरकून गाठ उकलते.

उष्णतेचा मुद्दा किरकोळ नाही. पॉलिएस्टर साधारण २५५ अंश सेल्सिअसला वितळतं, नायलॉन-६ सुमारे २२० ला, आणि डायनीमासारखा धागा १५० च्या आतच. अरामिड (उष्णता सोसणारा कृत्रिम धागा) वितळत नाही, बऱ्याच वरच्या तापमानाला जळतं. म्हणून गाठीच्या दोरीचं वरचं आवरण अरामिडचं हवं आणि नुसत्या डायनीमाची दोरी गाठीसाठी कधीच नको. आवरण उष्णता सोसतं म्हणून भरकन उतरायचं असं मात्र नाही. खाली मुख्य दोर पॉलिएस्टरचाच असतो. उतरून झाल्यावर गाठीला हात लावून पाहा. चटका बसला तर वेग जास्त होता.

गाठीखाली एक छोटी कप्पी बसवा. दोर खालून ओढला की ती गाठ वर ढकलते आणि ढील एका हाताने काढता येते. ढील काढायला सोपी असली की माणूस ती काढतो; अवघड असली की 'एवढ्याने काय होतंय' म्हणून राहू देतो.

प्रश्न: दुपदरी दोराने चढावं की एकपदरी? एकपदरीला अँकरवर दुप्पट भार येतो असं ऐकलं, ते खरं का?

उत्तर: ते दोर कुठे बांधला आहे यावर ठरतं.

दुपदरीत दोर फांदीवरून जाऊन परत तुमच्याकडे येतो आणि तुमच्याबरोबर हलतो. एक मीटर वर जायला दोन मीटर दोर ओढावा लागतो, पण जोर कमी लागतो. फांदीवर फक्त तुमचं वजन येतं. एकपदरीत दोर जागेवर राहतो आणि तुम्ही त्यावर चढता. तो वरच फांदीला बांधला असेल तरीही फांदीवर तुमच्या वजनाएवढाच भार. पण दोर फांदीवरून घेऊन खाली बुंध्याला बांधला, तर एका बाजूला तुम्ही आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच ओढ. साधनांसह ९० किलोचा माणूस असेल तर फांदीवर १८० किलोच्या आसपास भार धरा. सालीवरच्या घर्षणामुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी होतो, पण हिशेब दुपटीचाच करा. चढताना बसणारे हिसके त्याच्यावर वेगळे.

बुंध्याला बांधलेल्या दोराचा आणखी एक धोका आहे. तुमचा जीव ज्या दोरावर आहे तो जमिनीपर्यंत आलेला असतो. तिथे फांद्या पडत असतात आणि दुसरा माणूस चेनसॉ चालवत असतो. त्या दोराला रंगीत आवरण घाला, तो कामाच्या उलट बाजूने उतरवा, आणि करवतीचं काम सुरू करण्याआधी शक्यतो वर फांदीवरच नवा अँकर करा.

अँकरची फांदी निवडताना नुसती जाडी पाहू नका. जिवंत, निरोगी लाकूड आणि खोडाशी १० सेंटिमीटर किंवा जास्त व्यास, हा सोयीचा अंदाज. दोर फांदीच्या मध्यावर नव्हे, खोडाला लागून बसलेला हवा. सांध्यात साल आत दबलेली असेल, बेचक्यातून खाली चीर दिसत असेल, बुंध्यावर किंवा मुळांशी आळंब्या असतील, टोकाची पानं विरळ झाली असतील, तर दुसरं झाड किंवा दुसरी पद्धत शोधा. लाकडी हातोडीने बुंधा ठोकून ऐका. पोकळ भागाचा आवाज बदलतो. मग दोन माणसांनी मिळून दोराला लटकावं, हलकेच हिसके द्यावेत आणि तिसऱ्याने दुर्बिणीतून सांधा पाहावा.

दुपदरीत फांदी आणि दोर यांच्यामध्ये दोन कड्यांचा पट्टा किंवा चामड्याची नळी घालाच. उघड्या सालीवरून दोर धावला की सालीखालचा जिवंत थर कापला जातो, शिवाय दोर झिजतो आणि घर्षण इतकं वाढतं की गाठीचं गणितच बदलतं.

प्रश्न: फांदी कापली की खालची साल खोडापर्यंत सोलत जाते. खोडाला अगदी सपाट कापून पाहिलं, तरी जखम भरत नाही.

उत्तर: या दोन वेगळ्या चुका आहेत.

साल सोलते कारण फांदी पूर्ण कापून होण्याआधीच वजनाने मोडते आणि खालचे तंतू ओढून नेते. उपाय तीन कापांचा. पहिला काप खालून, खोडापासून ३० सेंटिमीटरवर, व्यासाच्या पाव ते तिसरा हिस्सा. दुसरा वरून, फांदी इथे पडते. तिसरा काप उरलेला खुंट काढण्यासाठी. दुसरा काप पहिल्याच्या दोन-तीन सेंटिमीटर बाहेर, टोकाकडे घ्यावा असं सर्रास सांगितलं जातं. हातकरवतीला ते ठीक आहे. चेनसॉला मात्र नाही: फांदी मोडताना तिच्या खालच्या बाजूला राहिलेला ओठ वर उचलला जातो, बार (साखळी जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) त्यात अडकतो आणि पडणारी फांदी चेनसॉ ओढून नेते, कधी तुमच्या हातासकट. चेनसॉने वरचा काप खालच्या कापाच्या बरोबर वर घ्या, किंवा किंचित खोडाकडे.

आता जखमेचं. ॲलेक्स शिगो या अमेरिकन वनविकृतिशास्त्रज्ञाने हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि १९७७ मध्ये जो सिद्धांत मांडला, त्यावर आजची छाटणी उभी आहे. झाडाची जखम त्वचेसारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आतल्या आत कोंडून टाकतं. वर-खाली पसरणारी कूज अडवणारी भिंत सगळ्यात कच्ची, आत जाणारी आणि बाजूला पसरणारी कूज अडवणाऱ्या भिंती त्याहून बऱ्या, आणि जखमेनंतर बनलेलं नवं लाकूड जुन्यापासून वेगळं ठेवणारी चौथी भिंत सगळ्यात पक्की. फांदीच्या बुडाशी जो फुगीर गळपट्टा असतो, तिथे झाडाची ही तयारी आधीच असते. सपाट कापलंत की तो गळपट्टाच गेला: जखम मोठी झाली आणि खोडाचं लाकूड उघडं पडलं.

म्हणून शेवटचा काप गळपट्ट्याच्या लगेच बाहेर. बेचक्यात वरच्या बाजूला सालीची खरखरीत, उंचावलेली रेघ दिसते. करवत तिच्या बाहेरच्या कडेला टेकवा आणि खाली गळपट्टा संपतो तिथे काप संपवा. गळपट्टा दिसतच नसेल तर ती रेघ खोडाच्या उभ्या दिशेशी जेवढा कोन करते, तेवढाच कोन उलट बाजूला धरा. पुढच्या हंगामांत जखमेभोवती सगळीकडून सारखी गोल कड चढली तर काप बरोबर जागी होता. नुसत्या दोन बाजूंनी चढली आणि वर-खाली टोकं कोरडी राहिली, तर फार जवळ कापलंत. लांब खुंट ठेवणंही तितकंच वाईट. तो वाळतो आणि कूज त्यातूनच आत शिरते.

जोरदार वाढणाऱ्या जातीतही १० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाची जखम टाळावी. कूज लवकर पसरणाऱ्या जातीत ५ सेंटिमीटर. एका हंगामात जिवंत पर्णभाराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नये, म्हाताऱ्या झाडाचा तर त्याहून बराच कमी. आणि शेंडा उडवून झाड 'बुटकं' करायची मागणी आली तर नाही म्हणा. तिथून झाडूसारखे कोंब फुटतात, त्यांचा जोड कच्चा असतो, आणि काही वर्षांनी तेच खाली पडतात.

प्रश्न: कापावर डांबर, रंग किंवा बोर्डो पेस्ट लावावी का?

उत्तर: डांबर आणि रंग नाही. त्यांनी कूज थांबत नाही, उलट ओल आत अडकते. बोर्डो पेस्ट फळबागेत ठरावीक बुरशीसाठी लावतात, तो वेगळा विषय. मोठ्या झाडाच्या योग्य कापाला तिची गरज नसते.

प्रश्न: चेनसॉ एका बाजूला वळत कापतो आणि ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा निघतो. नवी साखळी घ्यावी का?

उत्तर: आधी कानस घ्या. पीठ निघणं म्हणजे धार गेली. वळणं म्हणजे एका बाजूचे दात आखूड किंवा बोथट झाले. बहुतेकांचा एका बाजूने कानस मारताना हात जोरात चालतो आणि दुसऱ्या बाजूने अवघडतो.

कानशीची जाडी साखळीवर ठरते. झाडावरच्या लहान चेनसॉवर बहुधा ३/८ इंच लो-प्रोफाइल साखळी असते, तिला ४ मिलिमीटरची गोल कानस. ०.३२५ इंच साखळीला ४.८. पूर्ण ३/८ ला ५.२ किंवा ५.५. चुकीच्या कानशीने धार लागल्यासारखी दिसते, पण दाताचा वरचा कोन बिघडतो.

बार शिकंज्यात घट्ट पकडा आणि चेन ब्रेक लावा. सगळ्यात आखूड दात शोधा. बाकी सगळे त्याच्या लांबीवर आणायचे आहेत. कानस दाताच्या आतून बाहेर, फक्त पुढे जाताना दाब. मागे आणताना उचला. वरच्या पात्याचा कोन साधारण ३० अंश. बहुतेक दातांवर खूण कोरलेली असते, ती पाहा. कानशीचा पाचवा हिस्सा दाताच्या वर राहिला पाहिजे. प्रत्येक दाताला सारखेच फटके, एका बाजूचे सगळे दात झाले की दुसरी बाजू. दाताच्या कडेवर पांढरी चमक दिसत असेल तर तो अजून बोथट आहे. धारदार कड उजेड परत फेकत नाही.

तीन-चारदा धार लावल्यावर डेप्थ गेज तपासा, म्हणजे प्रत्येक दातापुढचा तो उंचवटा. तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. उंच राहिला तर धार असूनही साखळी लाकडात शिरत नाही. 'जोरात कापावं' म्हणून जास्त घासला तर दात मोठा घास घेतो, मशीन थरथरते आणि किकबॅकचा, म्हणजे मशीन अचानक तुमच्याकडे उसळण्याचा, धोका वाढतो. पट्टी ठेवून सपाट कानशीने घासा, अंदाजाने नाही. एवढं करूनही चेनसॉ वळत असेल तर बार तपासा: त्याच्या दोन कडांपैकी एक झिजून खाली गेलेली असते. दर वेळी बार उलटा करून लावला तर दोन्ही कडा सारख्या झिजतात.

प्रश्न: वरून हँडल असलेला छोटा चेनसॉ एका हाताने चालवायलाच केलेला असतो ना? दुसऱ्या हाताने फांदी धरता येते.

उत्तर: नाही. हँडल वर आहे ते अडचणीच्या जागी मशीन अंगाजवळ ठेवता यावं म्हणून. बारच्या टोकाचा वरचा चौथा हिस्सा लाकडाला टेकला की मशीन तुमच्या तोंडाकडे उसळते. दोन हात आणि पुढच्या हँडलखालून वळवलेला डावा अंगठा, एवढ्यानेच ती अडते. एका हाताने धरलेल्या मशीनला अडवायला मनगट पुरत नाही. आणि फांदी धरलेला हात नेमका बारच्या वाटेत असतो.

फांदी हातात घ्यायची असेल तर पायरी-काप करा. एका बाजूने निम्म्याहून थोडं जास्त कापा. समोरच्या बाजूने दोन-तीन सेंटिमीटर सरकवून तेवढंच. दोन्ही काप एकमेकांवरून पुढे गेलेले असले पाहिजेत. मग ब्रेक लावा, मशीन पट्ट्याला सोडा आणि दोन हातांनी तुकडा मोडून घ्या. अर्ध्यापेक्षा कमी कापलं तर तो मोडत नाही, मग माणूस त्याला हिसके देत बसतो.

चेनसॉ सुरू करण्याआधी दोन ठिकाणी बांधलेले असा: मुख्य दोर आणि लॅनयार्ड, शक्यतो वेगवेगळ्या जागी. लॅनयार्डमध्ये पोलादी तार असली तरी ती हातकरवतीचा चुकून लागलेला घाव सोसते, चालू साखळी नाही. ८ ते १० सेंटिमीटरपर्यंतच्या फांद्यांना वाकडी हातकरवतच बरी. ती ओढताना कापते, म्हणून परत ढकलताना जोर देऊ नका, पातं वाकतं. आणि ताणलेल्या दोराला तिचं पातं नुसतं टेकलं तरी तो कापला जातो, हे ध्यानात असू द्या. चेनसॉची विजार चढणाऱ्याने चहूबाजूंनी संरक्षण असलेली, म्हणजे प्रकार सी, घ्यावी. वर्ग १ ची चाचणी साखळीच्या सेकंदाला २० मीटर वेगावर होते.

प्रश्न: ओंडका दोराने उतरवताना कप्पीची स्लिंग तुटली. ओंडका जेमतेम शंभर किलोचा होता आणि स्लिंग दोन टनांची. असं कसं?

उत्तर: शंभर किलो हे ओंडक्याचं वजन होतं, स्लिंगवरचा, म्हणजे कप्पी खोडाला बांधणाऱ्या पट्ट्यावरचा, भार नव्हता. हिशेब मांडून पाहू.

ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला साधारण ८०० ते ११०० किलो. ३० सेंटिमीटर व्यासाचा दीड मीटर ओंडका म्हणजे सुमारे १०६ किलो. (व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होतं, ६० सेंटिमीटरचा तेवढाच ओंडका सव्वाचारशे किलोच्या घरात जातो. अंदाज चुकतो तो इथेच.) खोडाचा वरचा तुकडा कापताना कप्पी त्याच्या खाली बांधलेली असते. म्हणजे तुकडा आधी कप्पीच्या वरून खाली पडतो आणि मग दोर ताणला जातो. खालच्या माणसाने दोर पक्का धरला असेल तर थांबण्याच्या क्षणी दोरावर वजनाच्या कित्येक पट ओढ येते. ती समजा फक्त सहापट धरली, तर ६३६ किलो. दोर कप्पीवरून वळून खाली जातो, दोन्ही पदर जवळजवळ समांतर, म्हणून कप्पीवर त्याच्या दुप्पट: सव्वा टनाहून जास्त. स्लिंग गाठ मारून बांधली असेल तर गाठीने तिची ताकद ३० ते ५० टक्के घटते. दोन टनांचे झाले एक हजार ते चौदाशे किलो. त्यात जुनी झीज धरा. तुटली यात नवल नाही. आणि त्याच खोडाला तुम्हीही बांधलेले होतात.

म्हणून या कामात कापडी साधनांना दहास एक असं प्रमाण धरतात: दोन टनांवर तुटणारी स्लिंग दोनशे किलोच्या कामाची. ते दोनशे किलोही कप्पीवर येणारा भार, ओंडक्याचं वजन नव्हे.

उपाय क्रमाने सांगायचे तर पहिला: कप्पी ओंडक्याच्या वर बांधता येते का पाहा, म्हणजे पडणंच नको. ते शक्य नसेल तर तुकडे लहान करा. लांबी निम्मी केली की वजन निम्मं होतं आणि पडण्याचं अंतरही घटतं. कप्पी कापाच्या जितकी जवळ बांधता येईल तितकी बांधा आणि दोरातली ढील आधीच काढून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खालच्या माणसाला दोर धावू देता आला पाहिजे. बुंध्याला बांधलेल्या घर्षण-नळीवर वेढे इतकेच ठेवा की ओंडका थोडा सरकत, मंदावत थांबेल. एक वेढा जास्त झाला की तो खाडकन थांबतो. हे हाताला समजायला आधी लहान तुकड्यांवर सराव लागतो, आणि म्हणून दोर धरायला नवा माणूस ठेवणं ही काटकसर महागात पडते. दोर हाताला गुंडाळायचा नाही, वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही.

ओंडक्याला सरकता बोलाइन (ओढला की आवळणारा फास) बांधता तेव्हा त्याच्या आणि कापाच्या मध्ये एक अर्धी गाठ घाला. पकड दोन ठिकाणी विभागली जाते आणि ओंडका फासातून निसटत नाही.

प्रश्न: पायाला लावायच्या काट्यांनी चढणं पटकन होतं. छाटणीसाठी वापरले तर बिघडतं काय?

उत्तर: प्रत्येक पाऊल म्हणजे एक जखम, आणि तिथून कूज शिरते. काटे फक्त पूर्ण काढून टाकायच्या झाडावर. तिथेही नुसत्या लॅनयार्डवर चढू नका. वरून उतरता येईल असा दोर सोबत लावलेला हवाच. हात कापला तर काटे रोवत, लॅनयार्ड सरकवत खाली येणं जमत नाही.

प्रश्न: विजेची तार फांद्यांतून गेली आहे. तिला स्पर्श न करता काम करता येईल ना?

उत्तर: वीजपुरवठा बंद करून तसं लेखी मिळेपर्यंत नाही. ओली फांदी, ओला दोर, लांब दांड्याची करवत यांतून वीज वाहते. तारेवरचं काळं आवरण इन्सुलेशनच असेल असं नाही. अमेरिकेतलं झेड१३३ मानक खास प्रशिक्षण नसलेल्यांना किमान १० फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर, दूर ठेवतं, आणि तेही ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारांसाठी. कापलेली फांदी कुठे पडेल आणि पडताना कुठे झुलेल हे अंतरही त्यात धरा.

प्रश्न: वर कुणी जखमी झालं तर? आमच्या चमूत चढणारा एकच आहे.

उत्तर: मग चढायचं काम घेऊ नका. खाली दुसरा चढणारा हवा, त्याचं हार्नेस अंगावर किंवा बुंध्याशी तयार हवं, आणि झाडात दुसरा दोर आधीच टाकून ठेवलेला हवा. अपघातानंतर फेकदोरी घेऊन नेम धरत बसलात तर वेळ तिथेच जातो. बुंध्याला बांधलेल्या एकपदरी दोरावर उतरवण्याचं साधन लावून ठेवलं असेल तर खालूनच माणसाला उतरवता येतं. त्यासाठी अँकरच्या उंचीच्या साधारण तिप्पट लांबीचा दोर लागतो.

शुद्ध हरपलेला माणूस हार्नेसमध्ये लटकत राहणं स्वतःच जिवावरचं संकट आहे. त्याला शक्य तितक्या लवकर जमिनीवर आणायचं. चढणाऱ्याच्या हार्नेसवर, हाताला लागेल अशा जागी, मोठी दाब-पट्टी आणि टूर्निके (रक्त थांबवायला हात-पाय आवळणारा पट्टा) ठेवा. खालच्या पेटीत ठेवून उपयोग नाही. काम सुरू करण्याआधी रुग्णवाहिकेला सांगायचा पत्ता कागदावर लिहून काढा, फाटक कुठून उघडतं यासकट. आणि वर जाण्याआधी बचाव करणाऱ्याने पाहायचं: ज्या कारणाने पहिला जखमी झाला, म्हणजे तार, तुटकी फांदी, मधमाश्या, ते कारण अजून तिथेच आहे का?

प्रश्न: दोर आणि हार्नेस कधी बाद करावं? धुतले तर चालतात का?

उत्तर: धुवावेतच. कोमट पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं. ब्लीच नको, उन्हात टांगणं नको, आणि चेनसॉच्या तेलाच्या डब्याशेजारी किंवा बॅटरीशेजारी पिशवी ठेवणं तर मुळीच नको. आम्लाने झालेली हानी बहुधा डोळ्यांना दिसत नाही.

रोज चढण्याआधी दोर हातातून पूर्ण सरकवा, हातमोजे काढून. थोडा-थोडा भाग वाकवून गोल वळण करून पाहा. वळण गुळगुळीत यायला हवं. एखाद्या ठिकाणी टोकदार मोडलं किंवा सपाट लागलं तर आतला गाभा गेला आहे. आवरणातून गाभा दिसला, आवरण सरकायला लागलं, चकचकीत कडक पट्टा दिसला, की तेवढा भाग कापून काढा. उरलेला पुरेसा लांब असेल तर वापरा, पण नवी लांबी नोंदवा आणि टोकाला अडवण गाठ घाला. दोर आखूड झाल्याचं विसरून टोकावरून निघून जाणारे असतात. हार्नेसचा ब्रिज सगळ्यात आधी झिजतो, आणि तो बदलता येतो. पूर्ण हार्नेस झिजायची वाट पाहू नका. शिवणीचे टाके तुटले असतील तर शिंप्याकडे नेऊ नका. लेबलाखेरीज कुठेही मार्करने लिहू नका.

जाणकाराकडून लेखी तपासणी वर्षातून किमान एकदा व्हावी. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार माणसांना उचलणाऱ्या साधनांची दर सहा महिन्यांनी होते, आणि रोज चढणाऱ्यांनी तीच मुदत धरावी. कापडी साधनांना बरेच उत्पादक जास्तीत जास्त दहा वर्षं देतात. ती न वापरताही मोजली जातात, आणि रोजच्या कामातला दोर त्याच्या फार आधी संपतो. जोराचा झटका बसलेला दोर, उंचावरून कठीण जमिनीवर पडलेला कॅराबिनर, लेबल वाचता न येणारं हार्नेस, यांबद्दल शंका काढत बसू नका. बाद केलेला दोर मीटर-मीटरचे तुकडे करूनच टाका, नाहीतर कुणीतरी तो ओंडके उतरवायला घेऊन जातो.